राजपुरीहून शिडाच्या होडीने जंजिरा: गाईडचे २२ आणि आमचे १९

होडीला पाचपैकी पाच, गाईडला तीन, आणि आमच्याच होडीतल्या काही पब्लिकला एक. हे आधीच सांगून टाकते म्हणजे ज्यांना एवढंच हवंय ते मोकळे. बाकीच्यांनी चहा घेऊन बसा, मला लांबण लावायची सवय आहे.

तर आम्ही गेलो डिसेंबरात, मंगळवारी. वार मुद्दाम सांगतेय. शनिवार-रविवार आणि त्यात नाताळची सुट्टी असली की राजपुरीच्या धक्क्यावर जी रांग लागते ती मी पूर्वी एकदा भोगलीय, दोन तास उन्हात उभं राहून नंबर आला तोवर किल्ला बघायची हौसच फिटलेली. यावेळी मंगळवार सकाळ, धक्क्यावर जेमतेम तीसेक माणसं, दहा मिनिटांत होडीत.

आमची वरात अशी: मी, आई (६८ वर्षं, रिटायर्ड मास्तरीण, दोन्ही गुडघे कुरकुरणारे), दिवेआगरची मावशी, काका, आणि माझा भाचा ओम, वय वर्षं ९. मुक्काम मावशीकडे होता म्हणून दिघीला जंगलजेट्टीत, म्हणजे गाड्या पलीकडे नेणाऱ्या बोटीत, गाडी घातली आणि आगरदांड्याला उतरलो, तिथून राजपुरी हाकेवर. काका आदल्या रात्रीपासून एकच धरून बसलेले की अगं दिघीवरनंच जंजिऱ्याला बोटी जातात, गाडी घेऊन पलीकडे कशाला मरायचं. बरोबर आहे त्यांचं, जातात. पण मला इंजिनाची बोट नको होती, शिडाचीच हवी होती आणि ती राजपुरीच्या बाजूने मिळणार हे मला ठाऊक होतं, त्यामुळे मी हट्ट केला आणि काकांनी तोंड वाकडं करून का होईना गाडी काढली. मुंबई-पुण्याकडून येणार असाल तर अलिबाग, रेवदंडा, काशीद, मुरुड असं या, मुरुडच्या पुढे पाचेक किलोमीटरवर राजपुरी. पावसाळ्यात होड्या बंद असतात.

आता ओमची भानगड. त्याने मोबाईलवर कुठेतरी बघितलेलं की जंजिऱ्यातून राजपुरीपर्यंत समुद्राखालून भुयार आहे. झालं. दिघीपासून त्याची एकच रेकॉर्ड, भुयार कुठंय, भुयारात लाइट आहे का, भुयारात मासे येतात का. त्याने प्लॅनसुद्धा ठरवून टाकला, जाताना होडीने जाऊ आणि येताना भुयारातून चालत येऊ म्हणजे आजीला होडीत चढायला नको. आई म्हणाली गुणी आहे हो माझा नातू, पण भुयाराला पायऱ्या असतील त्याचं काय.

होडीचं सांगते. लाकडी होडी, मध्ये डोलकाठी, तिला आडवी लांबलचक परबाण आणि त्याला ठिगळं लावलेलं मळकट शीड. आम्ही बसलो, दोन खलाशांनी दोर ओढून शीड वर चढवलं, ते आधी लुळं पडलं होतं मग एकदम फुगलं आणि होडी सरकायला लागली. आवाजच नाही! म्हणजे दोर करकरतो, पाणी फळीला लागून चुळुकचुळुक करतं, बस्स. डिझेलचा वास नाही, धडधड नाही. मावशी, जी जन्मभर समुद्राच्या काठी राहिलीय, ती पण गप्प झाली, आणि मावशी गप्प होणं ही गोष्ट आमच्याकडे ग्रहणासारखी आहे. सुकाणूवर एक वयस्क चाचा होते, बनियन, लुंगी, डोळ्यावर कसलाही गॉगल-बिगल नाही आणि त्या चमचमत्या पाण्यात सरळ बघत बसलेले. मी विचारलं चाचा वारा पडला तर? म्हणाले सकाळी मतलई असते, जायला वारा, दुपारी खारा सुटतो, यायला वारा, मधल्या वेळात तुम्ही किल्ला बघा. शाळेत मतलई वारे आणि खारे वारे पाच मार्कांसाठी पाठ केलेले, ते कुणाच्या तरी रोजच्या टाइमटेबलात बघून मला उगाच भारी वाटलं. आईने लगेच ओमला विचारलं, सांग बरं जमीन आधी थंड होते की पाणी? बिचारा सुट्टीवर आलेला.

लाइफ जॅकेट सगळ्यांना देतात. आमच्यातल्या एकाचं बकल तुटलेलं होतं, सांगितल्यावर बदलून दिलं, कुरकुर केली नाही. पण सांगावं लागलं हेही खरं. घालताना बकल स्वतः लावून बघा, लहान पोरांचं तर नक्कीच, कारण सगळे सेल्फीत गुंतलेले असतात आणि जॅकेट नुसतं खांद्यावर लटकत असतं.

होडी निघाली तसा गाईडदादा उभा राहिला. पंचविशीतला पोरगा, आवाज खणखणीत, माइकबिइक काही लागत नाही. सुरुवात झकास केली. म्हणाला मंडळी समोर किल्ला दिसतोय? दिसतोय. बुरूज दिसतायत? दिसतायत. आता मला दरवाजा दाखवा. आणि खरंच सांगते, अख्खी होडी माना वाकड्या करकरून बघतेय आणि दरवाजा नाहीच. काळी भिंत, बुरूज, परत भिंत, परत बुरूज, खाली फेस. काकांनी एक कोनाडा दाखवला, तो नव्हता. पुण्याच्या एका आजोबांनी दुसरा दाखवला, तोही नव्हता. होडी जवळ जवळ जात राहिली, भिंत अंगावर यायला लागली (चाळीस फूट तरी असेल, पाण्यातून वर बघताना मान मोडते) आणि अगदी शेवटच्या क्षणाला चाचांनी सुकाणू वळवलं तसा दोन बुरुजांच्या खोबणीतून दरवाजा असा बाहेर आला जणू कुणी पडदा सरकवला. ओम ओरडला, भुयार! नाही रे बाबा, दरवाजा आहे तो.

किल्ले मी बरेच बघितलेत. सिंधुदुर्ग दोनदा, विजयदुर्ग, सुवर्णदुर्ग लांबून, अलिबागचा कुलाबा ओहोटीला चालत. पण किल्ला का पडला नाही हे मला किल्ल्यात शिरायच्या आधी, होडीतच कळलं, असं फक्त इथे झालं. पुस्तकात वाचतो की जंजिरा अजिंक्य राहिला, महाराजांनी प्रयत्न केले, संभाजीराजांनी केले, पेशव्यांच्या काळात झाले, आणि डोक्यात येतं की एवढी माणसं एवढं बळ, एक बेट कसं काय हाती लागलं नाही. त्याचं उत्तर दरवाज्याशी होडी लागते तेव्हा मिळतं.

कारण उतरायचं कसं, तर तिथे धक्का नाही, दरवाज्याच्या पायऱ्या थेट पाण्यात उतरलेल्या. होडी पायरीला टेकते, लाट येते, होडी दोन फूट वर जाते, लाट जाते, होडी खाली. पायरी ओली, शेवाळलेली. खलाशी एक पाय होडीत एक पाय पायरीवर टाकून उभा आणि सांगतो थांबा, थांबा, थांबा, आत्ता! की तेवढ्यात पाय उचलायचा. आईची पाळी आली तेव्हा माझे हातपाय गार. चाचा मागून नुसतं म्हणाले, आई, पाण्याकडे बघू नका, त्याच्या तोंडाकडे बघा. आईने त्या खलाशी पोराच्या तोंडाकडे बघितलं, त्याने आत्ता म्हटलं, आणि आई पायरीवर. गुडघे-बिडघे सगळं विसरून. वर जाऊन माझ्याकडे वळून म्हणते, तू ये सांभाळून.

आता विचार करा, डिसेंबरची निवांत सकाळ, समुद्र ताटासारखा, हात द्यायला माणूस, वरून कुणी तोफा डागत नाही, तरी आम्हा पस्तीस जणांना उतरायला पंधरा मिनिटं लागली. आणि १६७६ मध्ये मोरोपंत पिंगळ्यांच्या स्वारीत रात्रीच्या अंधारात होड्यांतून येऊन या भिंतींना शिड्या लावायचा बेत होता. लाय पाटील नावाचा कोळी आपली मोजकी माणसं घेऊन आला आणि शिड्या लावून वाट बघत बसला, मागून यायची कुमक वेळेत आलीच नाही, उजाडायला लागलं तेव्हा शिड्या काढून परतावं लागलं, असं सांगतात. महाराजांनी त्याला पालखीचा मान दिला तर तो म्हणाला मी दर्यावर्दी, पालखी घेऊन काय करू, तेव्हा त्याला गलबत दिलं आणि त्या गलबताचं नावच पालखी ठेवलं, अशीही गोष्ट आहे. गाईडने ही गोष्ट सांगितली, छान सांगितली, पण आत बुरुजावर उभं करून सांगितली. अरे दादा, ही गोष्ट पायरीशी होडी वरखाली होत असताना सांग की! तिथे ऐकली असती तर लोकांनी श्वास रोखला असता. शिडी लावणं सोडाच, होडी स्थिर ठेवणं हीच केवढी कामगिरी आहे हे तेव्हा कळतं. पॉइंट इथेच कापलाय मी गाईडचा.

दुसरा पॉइंट कापलाय तो आकड्यांसाठी. त्याचं सगळं २२. किल्ला २२ एकरात, बांधायला २२ वर्षं, बुरूज २२, तोफेचं वजन २२ टन. आई तिसऱ्या २२ ला माझ्याकडे बघून हसली. चौथ्याला तिने विचारलंच, बाळा तुझं वय काय? तो म्हणाला चोवीस. थोडक्यात हुकलं म्हणाली. ओमने होडीतून बुरूज मोजायला घेतलेले, त्याचे सतरा झाले, मागच्या बाजूचे दिसत नाहीत, आणि आईच्या जवळच्या पुस्तकात १९ आहेत. मी म्हणते १९ सांगितले तर काय किल्ल्याची उंची कमी होणार आहे का? पण पब्लिकला २२ आवडतं, टाळ्या पडतात, त्या पोराचं पोट त्यावर आहे, मी समजू शकते. तरीपण.

आणि मग आलंच ते भुयार. गाईडने आत एका ठिकाणी उभं राहून जाहीर केलं की इथून समुद्राच्या तळाखालून राजपुरीला भुयारी रस्ता जातो, आता बंद केलाय. ओमने माझा हात इतका घट्ट धरला की बास.

इथे मला जरा विषय सोडून बोलायचंय. दोन वर्षांपूर्वी मी चुलतभावाकडे बर्मिंगहॅमला गेले होते, तिथून जवळ डडली नावाचं गाव आहे आणि तिथे टेकडीच्या पोटातून जाणारा कालव्याचा जुना बोगदा आहे, त्यात बोटीने फिरवून आणतात. आपल्याकडे बोगदा म्हटलं की कोकण रेल्वेचा करबुडे, साडेसहा किलोमीटर, कानात दडे बसतात आणि मोबाइलची रेंज जाते. तर हा त्याच्या निम्म्याहून कमी, तीन किलोमीटरच्या आतबाहेर, पण पाण्याचा. डोक्याला हेल्मेट घालायला देतात, बोट बॅटरीवर चालते कारण आत हवा खेळत नाही, धूर करणारं इंजिन चालवलं तर माणसं गुदमरतील. चुनखडीच्या जुन्या खाणी आहेत आत, मोठमोठ्या गुहा. पूर्वी बोगद्यात घोड्याला चालायला वाट नव्हती म्हणून घोडा टेकडीवरून चालत पलीकडे न्यायचे आणि माणसं बोटीत पाठीवर आडवी पडून दोन्ही पाय बोगद्याच्या भिंतीला लावून चालत चालत बोट ढकलायची. पाठीवर पडून चालायचं! ते आम्हालाही करून बघायला दिलं, मी दहा पावलं चालले आणि कमरेने दुसऱ्या दिवशी हिशेब मागितला. १९६२ मध्ये तो बोगदा बंद केलेला, तिथल्याच हौशी लोकांनी मागे लागून लागून १९७३ मध्ये परत उघडायला लावला. आता तिथला गाईड, पांढऱ्या दाढीचा म्हातारा, त्याने काय केलं, तर प्रत्येक गोष्ट जिथे घडली तिथेच बोट थांबवून सांगितली. खाणीत सुरुंग लावायचे ती गोष्ट सुरुंगाच्या खुणांसमोर, दिवा विझवून. मला ते फार आवडलेलं आणि म्हणूनच लाय पाटलाची गोष्ट चुकीच्या जागी ऐकून जास्त चुटपुट लागली.

पण मी हे सांगत होते भुयारासाठी. तो डडलीचा बोगदा जमिनीखालचा, खडक चुनखडीचा म्हणजे आपल्या काळ्या पाषाणाच्या मानाने मऊ, वरून ठिकठिकाणी विहिरीसारखे शाफ्ट खणून काम केलेलं, हाताशी सुरुंगाची दारू, तरी १७८५ ला सुरू करून १७९२ ला संपला. सात वर्षं. आणि इथे आपला कोकणचा कातळ, वर भरतीचा समुद्र, शाफ्ट खणायला जागाच नाही. मला नाही पटत. मी हे ओमला समजावत होते तर तो ऐकेना, शेवटी आईने एका वाक्यात मिटवलं. म्हणाली, अरे, दंडा-राजपुरी काही वर्षं मराठ्यांच्या ताब्यात होती, १६७१ च्या होळीच्या रात्री जंजिऱ्याच्या सिद्दीने छापा घालून परत घेतली. मग भुयाराचं दुसरं तोंड शत्रूच्या अंगणात उघडत होतं का? ओम विचारात पडला. गाईडही जरा विचारात पडल्यासारखा वाटला. आणि संभाजीराजांनी १६८२ मध्ये राजपुरीच्या बाजूने खाडीत दगड टाकून थेट किल्ल्यापर्यंत वाट बांधायला घेतली होती, ती पुरी व्हायच्या आधी मोगल स्वराज्यात उतरले म्हणून सोडून जावं लागलं. भुयार असतं तर एवढे दगड कशाला टाकले असते. माझ्या मते तर ही भर घालायची गोष्ट भुयाराहून दसपट भारी आहे, समुद्रावर रस्ता बांधायला निघालेला राजा! गाईडने ती एका वाक्यात उडवली.

आत तुम्हाला पाऊण तास मिळतो. पाऊण तास! मग त्याच होडीने परत, कारण होडीवाल्याला पुढची फेरी असते. किल्ला मोठा आहे, झाडोरा माजलाय, वाड्याच्या पडक्या भिंती, गोड्या पाण्याचा भला मोठा बांधीव तलाव (चहूबाजूंनी खारं पाणी आणि मध्ये गोडं, मावशी तिथून हलेना, तिच्या वाडीतल्या विहिरीचं पाणी उन्हाळ्यात मचूळ होतं म्हणून असेल), वर बालेकिल्ला. पाऊण तासात गाईड तुम्हाला तोफांपाशी नेतो, कलालबांगडी, चावरी, लांडा कासम अशी त्यांची नावं, कलालबांगडी खरोखर प्रचंड आहे, तिच्यावर हात ठेवला की आकडा कुठलाही सांगा पटतो. तिथून तलाव, तिथून फोटो, संपलं. बालेकिल्ल्यावर चढून पश्चिमेकडे बघायचं असेल तर घोळक्यातून सटकावं लागतं. मी सटकले. आईला सावलीत बसवलं आणि ओमला घेऊन पळत वर गेले, आणि तिथून पद्मदुर्ग दिसला. समुद्रात जरा लांब, एकटाच. जंजिरा हाती येत नाही म्हटल्यावर महाराजांनी कासा बेटावर हा किल्ला उभा केला, राजपुरीच्या उरावर दुसरी राजपुरी. दोन किल्ले एका नजरेत आले की सगळं भांडण समजतं. गाईडने पद्मदुर्ग दाखवलाच नाही, कदाचित वेळ नसेल, कदाचित रोजरोज दाखवून कंटाळला असेल. तुम्ही मात्र विचारा त्याला. मागे समुद्राकडे उघडणारा दर्या दरवाजा आहे तोही विचारा, अडचणीत आले तर पळायची वाट. ओमचं समाधान थोडंफार तिथे झालं, भुयार नाही पण चोरदरवाजा तरी.

आणखी एक खटकलं ते लिहितेच. गोष्ट सांगताना तो पोरगा सिद्दी म्हणजे सिनेमातला व्हिलन आणि बाकी सगळे हिरो असं सरळसोट करून टाकतो, त्यावर आमच्या होडीतल्या चारपाच जणांच्या टोळक्याने घोषणा पण दिल्या. अहो, सिद्दी म्हणजे आफ्रिकेतून आलेले हबशी, कुणी गुलाम म्हणून आणले गेले, कुणी खलाशी, कुणी शिपाई, आणि त्यांनी समुद्राच्या जोरावर राज्य उभं केलं जे १९४८ मध्ये संस्थान विलीन होईपर्यंत टिकलं. ही काय कमी गोष्ट आहे का? सोळाव्या शतकात निजामशाहीच्या काळात इथे दगडी कोट चढला, त्याच्या आधी कोळ्यांनी स्वतःच्या बचावासाठी लाकडी मेढेकोट केलेला. आणि महाराजांच्या आरमारात दौलतखान मोठा अधिकारी होता हे सांगितलं की ते सरळसोट चित्र मोडतं म्हणून बहुतेक सांगत नसावेत. दरवाज्यावर शरभाचं (सिंहासारखा काल्पनिक प्राणी) शिल्प आहे, हत्तींना पकडून बसलेला, तेवढंच नीट उभं राहून बघितलं तरी त्या लोकांचा रुबाब कळतो. त्रास दोघांनी एकमेकांना भरपूर दिला, किनाऱ्यावरच्या गावांनी सोसलं, तेही सांगा की. आमची आई म्हणते इतिहास शिकवताना मी कधी घोषणा दिल्या नाहीत, मुलं तरी झोपायची नाहीत. (झोपायची. मी त्याच शाळेत होते.)

त्याच टोळक्याने तलावात वेफर्सचं पाकीट टाकलं. ब्लूटूथ स्पीकर आणलेला, भिंतीवर नाव कोरायला किल्लीही काढलेली पण मावशीने जो काय आवाज लावला की किल्ली खिशात गेली. म्हणून पब्लिकला एक. तो एक पण मावशीमुळे.

परतताना वारा खरंच फिरला होता, चाचांनी सांगितलेलं अगदी तस्संच, शीड दुसऱ्या बाजूला फुगलं. ओम सरकत सरकत सुकाणूपाशी गेला आणि विचारलं, चाचा, खरं सांगा, भुयार आहे की नाही? चाचांनी शिडाकडे बघितलं, दोर जरा सैल करायला सांगितला, मग म्हणाले, बाळा माझे आजोबा हीच होडी हाकायचे, वडील हीच, मी हीच. भुयार असतं तर आमच्या घरात कुणीतरी एकदा तरी पावसाळ्यात त्यातून बाजाराला गेलं असतं. ओमने पुढचे पाच मिनिटं काही विचारलं नाही. मग म्हणाला, मला सुकाणू धरू द्याल? दिलं हो त्यांनी, स्वतःचा हात वर ठेवून. आता घरी भुयार संपलं आणि सुकाणू सुरू झालंय.

प्रॅक्टिकल गोष्टी राहिल्याच. तिकिटाचे दर लिहीत नाही, बदलत असतात, धक्क्यावर बोर्ड बघून पैसे द्या, गाईडचे वेगळे असतात आणि ते होडीत बसायच्या आधी ठरवून घ्या, पस्तीस जणांत वाटले की फार होत नाहीत. लवकर जा, नऊच्या आत पोचा म्हणजे ऊन चढायच्या आधी बाहेर. चप्पल पट्ट्याची घाला, स्लीपर घालून आलेल्या एका बाईंची एक स्लीपर राजपुरीच्या खाडीला अर्पण झाली. पाणी सोबत न्या, आत काही मिळेल या भरवशावर राहू नका. गुडघेवाल्यांना घाबरवू नका, न्या, फक्त त्यांना खलाशाच्या बाजूला बसवा आणि सगळ्यात शेवटी उतरवा, घाई करणारं पब्लिक पुढे जाऊ दे. अगदी तान्ही पोरं मात्र मी नेली नसती, त्या पायरीवर एक हात मोकळा लागतोच.

राजपुरीच्या जवळ खोकरीला सिद्द्यांचे दगडी घुमट आहेत, गाडी असेल तर दहा मिनिटं वाकडी वाट करा, आम्ही गेलो तेव्हा चिटपाखरू नव्हतं. जाळीदार दगडी काम इतकं सुरेख आहे आणि गाईडच नाही, त्यामुळे २२ काहीच नाही. मुरुडचा नवाबाचा राजवाडा खासगी आहे, रस्त्यावरून मान वळवून बघायचा.

जेवणाचं: धक्क्याजवळ सरबतं, कैरी, ताडगोळे मिळतात. मुरुडात एका खानावळीत सुरमई थाळी घेतली, नाव लिहीत नाही कारण सुरमई बरी होती पण सोलकढी पाकिटातली होती आणि कोकणात बसून पाकिटातली सोलकढी पाजणं याला काय म्हणायचं. मावशीने वाटी तशीच सरकवली, म्हणाली घरी चल, मी करते.

घरी चल म्हणाली खरं, पण आगरदांड्याला पोचलो तर जंगलजेट्टी नुकतीच सुटलेली, डोळ्यांसमोर. काका म्हणाले, मी म्हटलं होतं दिघीवरनंच जाऊ. पुढच्या फेरीपर्यंत आम्ही पाच जण गाडीच्या सावलीत बसून ताडगोळे सोलत होतो, आणि ओम पाण्यात काडी बुडवून वारा कुठून आहे ते बघत होता.